शेऱ्याचा रकाना

कोल्हापुरातनं फॉर्म आलाय, चार पानी:
'योजनांचे मूल्यमापन, क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या दृष्टीतून.'
दृष्टी म्हणजे माझी, गेल्या वर्षी नंबर वाढलेली.
उपकेंद्राच्या पायरीवर बसून भरतेय.
आत बल्ब गेलाय,
आणि अबंधित निधीला मार्चपासून
कुणीतरी बांधून ठेवलंय.

प्रश्न पहिला: लोहाच्या गोळ्या किती वाटल्या?
एकशे ऐंशी गुणिले एकोणतीस. हे येतं मला.
किती गिळल्या, असा रकाना नाही.
असता तर लिहिलं असतं:
चौगुल्यांच्या धाकट्या सुनेनं सगळ्या
शेवग्याच्या बुंध्याशी पुरल्या,
आणि शेवगा यंदा असा लागलाय
की सासूबाई दर मंगळवारी जुडी आणून देतात,
"घ्या की ओ सिस्टर, घरच्याच हाईत."
घेते. शेंगेतही थोडं लोह असतं म्हणे.
सुनेला सांगते, निम्म्या तुम्ही खावा.

प्रश्न चौथा: लसीकरण, टक्केवारीत.
शंभर.
खोटं नाही. यादीतली पंचाहत्तरच्या पंचाहत्तर टोचलीत.
पण कारखान्याचा बॉयलर पेटला
की ओढ्यापलीकडं एका रात्रीत खोपी उठतात,
आणि त्या खोपीतली पोरं यादीत नसतात.
तिकडं धारूरला नावापुढं 'स्थलांतरित',
इकडं मुळात नावच नाही.
खालचा आकडा लहान ठेवला
की भागाकार मोठा दिसतो,
हे आठवीत उपाध्ये सरांनी शिकवलेलं,
अपूर्णांक म्हणून.

झुंबर भेटते पहाटे साडेचारला.
तेव्हाच भेटते. पाचला गाडी फडाकडं सुटते.
योजनेत वेळ दिलीय दहा ते चार.
दहाला ती उसाच्या सरीत असते
आणि पोर बांधावर, मोळ्यांच्या सावलीला.
शाहीन मुजावर, आमची आशा, बॅटरी धरते. मी पोर.
कार्ड मागितलं तर झुंबरनं
टिकल्यांच्या पाकिटातनं चिठोरं काढलं,
घामानं तारखा गेलेल्या,
निळा शिक्का तेवढा उरलेला, अर्धा.
"देल्या का न्हाई ते त्यालाच इचारा," म्हणाली
आणि हसली.
तेवढ्यात बॅटरी गेली.

मी त्याच्या डाव्या दंडावर बोट फिरवलं.
बीसीजीचा व्रण अंधारात बोटाला लागतो.
लागला. मसुराएवढा.
कुठल्यातरी सिस्टरनं, कुठल्यातरी गावात,
जन्मल्याजन्मल्या हे केलं होतं, नीट.
कोण, ते मला कळणार नाही.
पुढं तो कुठं गेला, ते तिला.
तिच्या बोटानंतर माझं बोट,
मधे सगळी कोरी पानं.

आठवड्यानं पर्यवेक्षिका बाईंचा फोन:
"अगं, एकशे बारा टक्के झालेत तुझे,
पोर्टल लाल होतंय."
म्हटलं, बाई, नऊ पोरं आहेत ती. कुठं ठेवू?
पलीकडं बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"वहीच्या मागच्या पानावर," बाई म्हणाल्या, हळू.
त्यांच्याकडंही एक मागचं पान असणार.
जिल्ह्यालाही असेल.
सगळी मागची पानं एकदा
एका दोऱ्यात ओवून बघायला हवीत,
केवढं गाव निघतंय.

प्रश्न शेवटचा: योजना यशस्वी आहे काय? होय / नाही.
होय तर आहेच, तो व्रण आहे.
नाही पण आहेच, ते कार्ड आहे.
दोन्हींवर खूण केली तर फॉर्म परत येतो,
मागं एकदा आलेला.

शेऱ्याचा रकाना एक इंच रुंद.
बारीक अक्षरात लिहिलं:
'वेळ पहाटे चारची करावी.
बॅटरीला सेल मिळावेत.'

सही केली, शिक्का मारला, पाकीट डकवलं.
मग आठवलं,
सेल दोन लागतात.